बटाटा, वडा आणि सात वर्षांचा मळ

खरं सांगते, मला सोफा घ्यायचा होता.

तीन ठिकाणचं थकलेलं मानधन एकाच महिन्यात खात्यात जमा झालं. फ्रीलान्सरच्या आयुष्यात असा योग खग्रास ग्रहणासारखा येतो, त्यामुळे मी लगेच रात्री एक वाजता सेकंडहँड सोफ्याच्या जाहिराती बघत बसले होते. दोन सोफ्यांच्या मधे ती जाहिरात होती. ‘तीन फुटी मरीन टँक, पूर्ण सेटअप. परदेशी शिफ्ट होतोय म्हणून विकायचा आहे. ठाणे.’ फोटोत निळसर उजेड, मागे ओबडधोबड दगड आणि पुढे दोन केशरी मासे. त्यातला एक थेट माझ्याकडे बघत होता. (माशाचे डोळे बाजूला असतात, हे मला आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं.)

फ्रेंड्स, पुढचं सगळं त्या माशामुळे झालं.

माशांचं वेड तसं जुनंच. चौथीत शाळेची सहल मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात गेली होती. बाहेर येऊन बाईंनी मुलं मोजली तर एक कमी. ती एक म्हणजे मी, आत एका काचेला नाक चिकटवून उभी. त्या दिवशी बाईंचा ओरडा खाल्ला, घरी आल्यावर आईचा. पण खाऱ्या पाण्यातल्या माशांचे ते रंग डोक्यातून गेले नाहीत ते नाहीतच.

तर दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात. टँकवाले दादा आयटीतले, चाळिशीचे, घरभर खोकी आणि चिकटपट्ट्या. कॅनडाला निघायला बरोबर आठ आठवडे राहिले होते. काचेची टाकी, खालचं कपाट, कपाटातली फिल्टरची टाकी, पंप, स्किमर, चिलर, लाइट, गोणीभर दगड, सगळं मिळून ३८ हजार. एवढं सगळं नवीन घ्यायचं तर माझं ग्रहण वर्षभर चालू राहायला हवं होतं. मी लगेच हो म्हटलं.

‘आणि मासे?’ मी विचारलं.

‘मासे विकायचे नाहीत,’ दादा म्हणाले. ‘द्यायचे आहेत. पण टाकी तयार झाल्यावरच. तोवर इथेच राहतील.’

पॅकिंगसाठी त्यांनी दोन्ही मासे आधीच एका दोन फुटी टबमध्ये हलवले होते. टबाशेजारी त्यांची सहा वर्षांची लेक बसली होती. तिने ओळख करून दिली. मोठी ती बटाटा, छोटा तो वडा. दोघं तिच्यापेक्षा एका वर्षाने मोठे!

म्हणजे माझ्याकडे होते आठ आठवडे. म्हटलं, आठ आठवड्यांत लोक लग्नं उरकतात. एक टाकी भरायला कितीसा वेळ लागतो?

पाच पाहुणे कायमचे

डोंबिवलीला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. छोटा हत्ती खाली उभा राहिला तेव्हा अर्धी सोसायटी गॅलरीत. टाकी वर चढवताना दोन हमाल, मी आणि शेजारचे काका अशी वरात निघाली. बाबा दारात हाताची घडी घालून उभे.

‘वजन किती होणार भरल्यावर?’

मी हिशोब केला नव्हता. बाबांनी केला. ते आयुष्यभर कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर होते, त्यामुळे त्यांना सुंदर गोष्टींचंही आधी वजनच दिसतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटर. दगडांनी व्यापलेली जागा वजा करून, खालच्या टाकीतलं पाणी धरून, आमचं एकूण पाणी १८० लिटरच्या आसपास. खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जड. त्यात काच, दगड, वाळू, कपाट. बेरीज सव्वातीनशे किलोच्या घरात गेली.

‘म्हणजे पाच पाहुणे एकाच कोपऱ्यात. कायमचे उभे,’ बाबा म्हणाले. मग त्यांनीच भिंतीवर टकटक करत बीम कुठून जातो ते शोधलं आणि टाकी भिंतीला लागून, बीमच्या बाजूला ठेवायला लावली. हॉलच्या मधोमध ‘रूम डिव्हायडर’ करायचं माझं स्वप्न तिथेच संपलं. तुमच्या मनात यापेक्षा मोठी टाकी असेल, तर आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. सगळ्यांच्या घरी माझे बाबा नसतात.

मग आला रविवार. साफसफाईचा. पंपांवर आणि स्किमरवर चुन्यासारखा पांढरा थर बसला होता. साबण लावायचा नाही हे मी वाचलं होतं. सिलिकॉनच्या जोडात आणि स्पंजात तो अडकून राहतो आणि पुढे माशांना बाधतो. त्यावर उपाय व्हिनेगर. पाण्यात व्हिनेगर घालून पंप रात्रभर भिजवले की थर मऊ पडतो आणि जुना टूथब्रश फिरवला की निघून येतो. आई मदतीला बसली. दोघींनी मिळून काच, पाइप, पंप, कपाटाच्या बिजागऱ्या, सगळं लख्ख केलं. दादांनी दिलेल्या निळ्या बादलीत मळकट पाण्यात बुडवलेल्या सिरॅमिकच्या रिंग्ज होत्या. फिल्टरमधल्या, शंभर-दीडशे तरी. बादली देताना दादा म्हणाले होते, ‘ही तशीच ठेव, धुऊ नकोस.’ मला वाटलं, माणूस सभ्य आहे, मला त्रास नको म्हणून म्हणतोय. आपण नाही का पाहुण्यांना म्हणत, ताट राहू दे, मी धुते? मी नळाखाली धरून एकेक रिंग चोळून धुतली आणि गॅलरीत कडक उन्हात वाळत घातली. पांढऱ्याशुभ्र झाल्या.

‘घरातली भांडी घासताना कुठे जातो गं हा हात?’ आई म्हणाली. मला ते कौतुक वाटलं.

समुद्र जवळ आहे, मग पाणी विकत का?

हा प्रश्न मला सोसायटीतल्या प्रत्येकाने विचारला. मुंबईचा समुद्र तासाभरावर, दोन ड्रम भरून आणायचे, खर्च शून्य! पण आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी असतं, गाळ असतो आणि पावसाळ्यात त्यात गोडं पाणी इतकं मिसळतं की खारटपणा आज एक, उद्या दुसरा. प्रवाळाच्या बेटाजवळ राहणाऱ्या माशाला ते कसं चालणार?

म्हणून समुद्र घरी बनवायचा. रेसिपी सोपी आहे. घरच्या आरओचं पाणी, पण त्यातलं मिनरल घालणारं कार्ट्रिज बायपास करून. पुढे एक डीआय रेझिनचं नळकांडं जोडायचं, म्हणजे उरलेसुरले क्षारही निघून जातात आणि टीडीएस मीटर शून्य दाखवतो. मग एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशोबाने अ‍ॅक्वेरियमचं सागरी मीठ. माझ्या १८० लिटरला साडेसहा किलोच्या आसपास लागलं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकी बरंच काही असतं. पाणी ढवळत ठेवायचं, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकायचा आणि आकडा ३५ वर आला की झाला समुद्र.

आरओला एवढं पाणी गाळायला तीन दिवस लागले. बाहेर पडणाऱ्या पाण्याने आईने घर पुसलं, गॅलरी धुतली, शेवटी जिनाही धुतला. सेक्रेटरी काका खूश.

टाकी भरायच्या आधी एक काम विसरू नका. रिकाम्या टाकीत साधं पाणी भरून ४८ तास ठेवायचं आणि खाली वर्तमानपत्र पसरायचं. मी गच्चीत ठेवली होती. कागद कोरडा राहिला तरच ती हॉलमध्ये आली.

‘ताई, कोरल पाहिजे का?’

दगड रचून झाले, वाळू घातली, पाणी चढलं. निळा लाइट लावला आणि... काहीच नाही. पांढरे दगड आणि पाणी. फोटोतली जादू गायब. मला रंग हवे होते, आत्ताच्या आत्ता.

त्याच आठवड्यात मी वाळू हलवायचा चमचा घ्यायला मासळीच्या बाजारात गेले. मासळी म्हणजे शोभेची. तिथे एकाने हळूच विचारलं, ‘ताई, कोरल पाहिजे का? जिवंत आहे. तुमच्यासाठी लावून देतो.’ पिशवीत हिरवट, लाइटखाली चमकणारं काहीतरी होतं. खोटं कशाला बोलू, हात पर्सकडे गेला होता.

थांबले ते एका जुन्या बातमीमुळे. मुंबईचा कोस्टल रोड होताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या १८ वसाहती सापडल्या आणि २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या मदतीने त्या उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. एवढा मोठा प्रकल्प आणि या चिमुकल्या जिवांसाठी एवढा खटाटोप का? कारण प्रवाळ हे झाड नाही की दगड नाही, तो प्राणी आहे. २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं, म्हणजे वाघाच्या रांगेत. बेटं बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, सगळे त्या यादीत आहेत. समुद्रघोडासुद्धा. पुढे कायद्यात बदल झाले, अनुसूची नव्याने लिहिली गेली, तरी प्रवाळाचं संरक्षण कायम राहिलं. आपल्याकडे मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. खडकावरून खरवडून काढलेला असा तुकडा पिशवीत येतो तेव्हा त्याच्यामागे तुटलेला खडकही असतो.

तो तुकडा यादीतला होता की नव्हता? प्लास्टिकच्या पिशवीत बघून ते ओळखायची माझी लायकी नाही. म्हणून मी माझ्यापुरता नियम केला, प्रवाळ नाहीच. माझे दगडही माणसाने बनवलेले आहेत, दादांनी ते मुद्दाम तसेच घेतले होते. म्हणजे माझी टाकी पूर्ण अर्थाने ‘रीफ’ नाही, रीफच्या धर्तीवरची आहे, असं म्हणा. त्याचा एक फायदाही झाला. प्रवाळाला लागतो तसला महागडा, प्रखर लाइट नको, कॅल्शियमचे डोस नकोत. बजेट एकदम आटोक्यात!

कोळंबी कालवणातली, कोळंबी टाकीतली

आता महत्त्वाचं. पाणी भरलं म्हणजे टाकी तयार झाली, असं नसतं. मासा खातो, घाण करतो, त्या घाणीचा अमोनिया होतो आणि अमोनिया म्हणजे माशासाठी विष. समुद्रात हा प्रश्न येत नाही, कारण पाणी अफाट आहे आणि प्रत्येक दगडावर सूक्ष्म जिवाणू बसलेले असतात. काही जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात. तोही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचा नायट्रेट करतात. हा बराच सौम्य आहे, थोडं पाणी बदललं की कमी होतो. नव्या टाकीत हे कामगारच नसतात. त्यांना आणायचं, जगवायचं, वाढू द्यायचं. याला म्हणतात सायकल, आणि तिला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

जिवाणूंना खायला अमोनिया हवा, म्हणून कोळंबीचा एक तुकडा टाकीत सोडून कुजू द्यायचा, ही जुनी रीत. आईच्या फ्रीजमधून मी एक कोळंबी उचलली. ‘अगं, ती दोनशे रुपये पाव आहे,’ आई ओरडली, ‘कालवणातली कोळंबी पाण्यात सडवायला घेतेस?’ चौथ्या दिवशी वास सुटला तेव्हा बाबा गॅलरीत झोपायला गेले.

तीन आठवडे मी रोज बघत होते. दादांनी सामानासोबत एक टेस्ट किटही फुकट दिलं होतं. बाटलीतले थेंब टाकायचे आणि रंग जुळवायचा. चौतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य! मी घरात नाचले. धावत जाऊन एक क्लीनर श्रिम्प आणली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, लांब मिशांची, दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे साफ करणारी. किंमत म्हणाल तर एका लेखाचं मानधन. म्हटलं, बटाटा-वडा येण्याआधी घरात कोणीतरी असू दे.

सकाळी ती वाळूवर आडवी होती.

मी टेस्ट किटची बाटली उलटी केली. एक्स्पायरी होऊन दोन वर्षं झाली होती. नवीन किट आणलं, थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी गर्द हिरवं झालं. म्हणजे अमोनिया भरपूर. एक जिवंत प्राणी मी विषात सोडला होता, कारण मला घाई होती आणि बाटलीवरची तारीख वाचायचा कंटाळा. पत्रकार आहे म्हणे मी! दुसऱ्यांच्या बातमीतली तारीख तीनदा तपासते.

विमानाला २१ दिवस राहिले होते.

निळी बादली

रात्री साडेदहाला दादांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट जुनं किट दिल्याबद्दल स्वतःच सॉरी म्हणाले. मग विचारलं, ‘पण इतके दिवस सायकल अडली कशी? निळ्या बादलीतल्या रिंग्ज घातल्यास ना फिल्टरमध्ये?’

‘हो. धुऊन घातल्या.’

‘कशात धुतल्यास?’

‘नळाखाली. मग उन्हात वाळवल्या. एकदम स्वच्छ झाल्यात, दादा.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं लाइन कट झाली.

‘अगं,’ ते म्हणाले, ‘त्या रिंग्जवर सात वर्षांचे जिवाणू होते.’

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, जिवाणू मारण्यासाठीच घालतात. क्लोरीनमधून कोणी वाचलं असेल तर ते उन्हात गेलं. ३८ हजारांत मला काच मिळाली होती, पंप, लाइट, चिलर मिळाला होता. यातलं काहीही दुकानात नवीन मिळतं. जे कुठल्याच दुकानात मिळत नाही ते त्यांनी बादलीत घालून फुकट दिलं होतं, आणि मी ते मळ म्हणून घासून टाकलं. आईबरोबर, कौतुक करून घेत.

‘उद्या ये,’ दादा म्हणाले. ‘टबाच्या फिल्टरमध्ये जुना स्पंज आहे. अर्धा कापून देतो.’

म्हटलं, मग बटाटा आणि वड्याचं काय? ते म्हणाले, अर्ध्यावर भागेल, मी रोज थोडं पाणी बदलत राहीन. निघायला तीन आठवडे, घर अर्धं बांधलेलं, नोकरीचे शेवटचे दिवस, आणि हा माणूस माझ्या चुकीसाठी रोज पाणी बदलणार होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ठाण्याहून लेडीज डब्यात उभी होते. हातात स्टीलचा मोठा डबा, त्यात टबाचं खारं पाणी आणि तपकिरी, बुळबुळीत अर्धा स्पंज. झाकण सैल, म्हणजे हवा जात राहावी. शेजारच्या मावशींनी विचारलं, ‘काय आहे गं, मासे?’ मी म्हटलं, ‘माशांचं विरजण.’ त्यांना पटलं. मलाही त्यापेक्षा चांगला शब्द अजून सापडलेला नाही. दूध कितीही चांगलं असलं तरी कालचं चमचाभर दही नसेल तर आज दही लागत नाही. आईला हे एका वाक्यात कळलं. ‘मग आधी का नाही सांगितलंस? विरजणाचं भांडं मी कधी विसळते का?’

स्पंज फिल्टरमध्ये ठेवला. या वेळी काहीही धुतलं नाही. रोज नवीन किटने टेस्ट, रोज वहीत आकडा. हिरवा, फिका हिरवा, पोपटी. मधल्या एका दुपारी मेंटेनन्सच्या नावाखाली लाइट गेली, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप लावून मी टाकीसमोर बसून एक लेख संपवला. पन्नासाव्या दिवशी अमोनिया पिवळा, म्हणजे शून्य. नायट्राइटही शून्य. पण मी आता शहाणी झाले होते. मुद्दाम थोडा अमोनिया घालून बघितला. २४ तासांत तो पुन्हा शून्यावर! कामगार खरंच कामावर हजर होते. थोडं पाणी बदललं आणि ठाण्याला फोन केला.

दारातली मुलगी

विमानाला दोन दिवस असताना मी मासे आणायला गेले. झाकणाची बादली, त्यांच्याच टबाचं पाणी, बॅटरीचा एअर पंप. घर रिकामं झालं होतं, हॉलमध्ये फक्त टब आणि बॅगा. लेक दारात उभी. तिने मला प्रश्न विचारले. तुझ्याकडे लाइट जातो का? (कधी कधी.) मग? (बॅटरी आहे.) तुला माहितीय का, बटाटा आधी मुलगा होती? मला माहीत होतं. क्लाउनफिश जन्मतः सगळे नर असतात, जोडीतला मोठा आणि दादागिरी करणारा मादी होतो. २००३ च्या ‘फाइंडिंग नीमो’मध्ये हे दाखवलेलं नाही. ही जोडी समुद्रातून पकडलेली नाही, टाकीतच जन्मलेली आहे, हेही तिनेच सांगितलं. आपल्याकडे केरळ-तमिळनाडूत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास कशी करायची ते तंत्र बसवलंय, त्यामुळे टाकीतला मासा मागणं आता अजिबात अवघड नाही.

मग तिने मला एक वही दिली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दिवसातून दोनदा. थोडंच. वडा नंतर खातो.’

ती रडली नाही. वहिनी रडल्या.

घरी आल्यावर बादलीत बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब सोडलं. नळीला गाठ मारली की थेंब पडतात, सलाइनसारखे. तासभर. मग जाळीने दोघांना टाकीत. बटाटा थेट मोठ्या दगडामागे गेली, वडा तिच्यामागे. संध्याकाळपर्यंत दोघं बाहेर आले नाहीत. आई, बाबा आणि मी, तिघं रिकाम्या टाकीकडे टीव्हीसारखं बघत बसलो होतो. साडेनऊला बटाटा बाहेर आली. मी चिमूटभर खाणं टाकलं. तिने खाल्लं. वड्याने नंतर खाल्लं.

मी फोटो पाठवला. ठाण्याहून एका मिनिटात उत्तर आलं, एका सहा वर्षांच्या मुलीच्या आवाजात. ते मी जपून ठेवलंय.

याला आता दहा महिने झाले. पांढऱ्या दगडांवर जांभळे ठिपके आलेत. ते खडकावर चढणारं शेवाळ आहे, आपोआप येतं. मे महिन्यात चिलरने बिलाचा आकडा वाढवला, तेव्हा बाबांनी मला नुसतं बिल दाखवलं, काही बोलले नाहीत. सोफा अजून घेतलेला नाही. पाहुणे आले की प्लास्टिकच्या खुर्च्या टाकीकडे तोंड करून मांडतो.

मागच्या आठवड्यात कल्याणच्या एका मुलाचा फोन आला. त्याने सेकंडहँड टाकी घेतली होती आणि ती लख्ख धुतली होती. मी त्याला म्हटलं, रविवारी ये, आणि येताना झाकणाचा डबा घेऊन ये.

सेकंडहँड टँक घ्यायला जाताना

बिनधास्त घ्या: काचेची टाकी (जोडाचं सिलिकॉन सुटलेलं नसेल तर), कपाट, स्किमर, पंप, रिफ्रॅक्टोमीटर. सगळं विक्रेत्याच्या घरीच चालू करून बघा. रिफ्रॅक्टोमीटर घरी आणल्यावर ३५ च्या द्रावणाने तपासा.

बघून घ्या: चिलर. अर्धा तास चालवा, पाणी खरंच थंड होतं का बघा, कॉइल टायटॅनियमची आहे का विचारा. बजेट नसेल तर पाण्यावर पंखा लावा, दोन-तीन डिग्री उतरतात. मात्र पाणी लवकर आटतं. आटतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालताना साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही.

नवीनच घ्या: टेस्ट किट आणि हीटर. जुना हीटर चालूच राहिला तर मासे शिजतात. मळलेली वाळूही सोडून द्या, तिच्यातला गाळ नव्या पाण्यात उतरतो.

विचाराच: या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? माशांच्या रोगावर ते चालतं, पण श्रिम्प, गोगलगाय, खेकडे त्याने मरतात आणि त्याचा अंश दगडांत राहू शकतो.

करंटची काळजी: ईएलसीबी हवाच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

आणि विक्रेता ‘हे धुऊ नका’ म्हणाला, तर धुऊ नका. तो सभ्यपणा करत नसतो.